मंगळवारच्या काकू

सुलोचनाच्या कामाला काय म्हणतात, हे २००२ साली वर्ध्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पाटीवर 'समुपदेशक' असं लिहिलेलं होतं. तो शब्द कसाबसा वाचून माणूस आत शिरायचा आणि विचारायचा, "गोळ्या इथंच भेटतात का?" गोळ्या शेजारच्या खोलीत डॉक्टर द्यायचे. हिच्या खोलीत नुसतं बोलायचं. म्हणून सेवाग्राम रस्त्यावरच्या त्या लहानशा मानसोपचार केंद्रात दोघांना नावं पडली होती, गोळीवाले डॉक्टर आणि बोलणाऱ्या मॅडम. खरं तर बोलायचे पेशंट आणि मॅडम ऐकायच्या, पण नावं ठेवताना एवढा बारीक विचार कोण करतं.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मात्र मॅडमनी हे काम डोळ्यांनीच केलं. कुणी सासूचा जाच सांगितला की हिचे डोळे भरायचे. कुणी गेलेल्या लेकराचं नाव घेतलं की हिच्या गळ्यात हुंदका. एकदा धुरपता नावाची एक बाई आपलं दुःख अर्धवट सोडून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि हिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मॅडम, तुमी नका रडू. माह्यं होऊन जाईन बरोबर." डॉक्टर चांगल्या स्वभावाचे होते. ते एवढंच म्हणाले, "असंच चाललं तर तिची फी तिलाच परत द्यावी लागेल." सुलोचना हसली, पण त्या दिवशी घरी तिला जेवण गेलं नाही. रोजच कुणाचं ना कुणाचं ओझं घेऊन ती घरी जायची आणि ताटावर बसून राहायची.

तिचे वडील कवडूजी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. बायको, म्हणजे आनंदाबाई गेल्यावर ते विपश्यनेला लागले होते. पहाटे उठायचं, घोंगडीवर मांडी घालायची आणि तासभर हलायचं नाही. आयुष्यभर साहेबांच्या हाकेला उठून उभ्या राहिलेल्या माणसाला न हलण्यात काय सुख वाटत असेल ते त्यांनाच माहीत. त्यांनी लेकीला नागपूरकडच्या दहा दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथं तिला शिकवलं ते सांगायला सोपं होतं. श्वास बघायचा. अंगात काय उठतं ते बघायचं. बरं वाटलं तर धरून ठेवायचं नाही, वाईट वाटलं तर ढकलायचं नाही. ह्यालाच समता म्हणायचं.

आणि ते तिला साधलं. बापलेक रोज सकाळी शेजारी शेजारी बसू लागले. पेशंट रडू लागला की सुलोचना आपला श्वास बघायची, छातीत उठलेली कळ बघायची, आणि कळ विरून जायची. ती ऐकू लागली ते खरं ऐकणं होतं. लोक बरे होऊ लागले. साधना करणाऱ्या माणसाला एक छुपा अभिमान असतो, तोही तिला हळूहळू जडला. आता आपल्याला काही हलवू शकत नाही, असं तिला वाटू लागलं.

अशात त्या पावसाळ्यात एका मंगळवारी कौशल्याबाई आल्या.

बुटक्या, गोऱ्या, हातात पिशवी आणि पिशवीत डबा. सेलूहून एसटीनं आल्या होत्या. खुर्ची रिकामी दिसत असूनही त्यांनी विचारलं, "इथं बसू का?" नवरा मधुकरराव उन्हाळ्यात वारला होता आणि तेव्हापासून झोप नव्हती. धाकटा स्वप्निल कापडाचं दुकान बघत होता. थोरला नीलेश पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्यांनी आडनाव सांगितलं आणि सुलोचनाचा पेन थांबला.

अकरा वर्षांपूर्वी, वर्ध्याच्या कॉलेजात, ह्याच आडनावाचा, ह्याच दुकानाचा, हाच नीलेश तिचा होता. म्हणजे तिला तसं वाटत होतं. बी. ए.ची तीन वर्षं दोघं बरोबर होती. हिंगणीच्या बोर धरणावर सहल गेली तेव्हा सगळे पाण्याकडे पळाले आणि हा मागे राहून तिला संत्र्याची फोड न फोड सोलून देत बसला. फोडीवरची पांढरी दोरीसुद्धा तो काढायचा. ती बौद्ध, तो कापडवाल्यांच्या घरातला. पुढे काय वाढून ठेवलंय हे दोघांना कळत होतं, तरी तो म्हणाला होता, मी घरी बोलतो. मग एका दुपारी बसस्टँडवर तो आला, खाली बघत म्हणाला, "बोललो मी. आई म्हणते, ती पोरगी घरात आली तं मी विहीर जवळ करीन. आता सांग, मी काय करू?" सुलोचना म्हणाली, "आईला त्रास देऊ नको." आपण किती मोठ्या मनानं सोडलं असं तेव्हा तिला वाटलं होतं. ते मोठं मन तिला फार महागात पडलं. पुढे स्थळं आली, तिनं एकेक परतवली. जो आपल्यासाठी घरात भांडला आणि आईच्या जिवासाठी हरला, त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायचं तिला जमेना.

ती विहीर जवळ करणारी बाई आता समोर बसून पदरानं घाम पुसत होती.

ओळखीतलं माणूस आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याकडे पाठवायचं, हा ह्या कामातला पहिला नियम. केंद्रात आणखी एक समुपदेशक शुक्रवारी यायच्या. डॉक्टरांना एक वाक्य सांगितलं असतं की झालं असतं. सुलोचनानं स्वतःशी वकिलालाही लाजवील असा वाद घातला. ओळख कुठंय? ह्या बाईला मी आज पहिल्यांदा बघतेय. तिनं तर मला कधीच पाहिलं नाही. आणि माझी साधना आहे. मी हलणार नाही. वाद स्वतःशीच होता, त्यामुळं ती जिंकली.

केंद्रात वयस्क बायकांना ती 'आई' म्हणायची. कौशल्याबाईंना म्हणताना जीभ अडली. त्या काकू झाल्या.

काकूंचं दुखणं तिनं मन लावून पाहिलं, हे मात्र तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. रात्रभर त्या दाराची कडी तपासत फिरायच्या, कारण ते काम मधुकररावांचं होतं. पण खरी गोष्ट कडीची नव्हती. ती बाहेर यायला दोन महिने लागले. शेवटच्या दुपारी मधुकररावांनी पाणी मागितलं होतं. "मी टीव्हीपुढं बसली होती. म्हटलं, थांबा, जाहिरात लागू द्या. मंग ते सोताच उठले, माठातलं पाणी पेले, अन् जाऊन निजले. ते निजले ते निजलेच." हे काकूंनी स्वप्निलला सांगितलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं. "लोकं म्हणतात, लय सेवा केली तुमी त्याईची. मी आयकून घेतो, पण खरं तं हे आहे नं बाई." सुलोचना हलली नाही. तिनं काकूंना ती दुपार पुन्हा पुन्हा सांगू दिली, इतकी की शेवटी एका दिवशी त्यांनी आपणहून म्हटलं, "असं तं ते मले बी कैकदा म्हणत, थांब, गिऱ्हाईक जाऊ दे." आणि त्या हसल्या. दिवाळी आली तोवर त्या झोपू लागल्या होत्या.

इथं काम संपलं. इथं म्हणायचं असतं, काकू, आता यायची गरज नाही. सुलोचनानं ते म्हटलं नाही.

कारण बोलणं मधुकररावांवरून नीलेशवर यायचं. तो लहानपणी माती खायचा. त्याला सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी लागते, पण सून सांबार टाकताना हात आखडता घेते. त्याला चष्मा लागला. तिखट खाल्लं की आता छातीत जळजळ होते. त्याची मुलगी मयुरी आजीशी फोनवर इंग्रजीत बोलते. काकू असं मूठ मूठ देत होत्या आणि सुलोचना ओंजळ धरून बसलेली. चष्म्यातला नीलेश कसा दिसत असेल ह्यावर तिचा एक अख्खा आठवडा गेला. पण तिला हवं होतं ते वेगळंच. त्या घरात एकदा भांडण झालं होतं, तिच्यावरून. मुलगा आईसमोर उभा राहिला होता, आई विहिरीपर्यंत गेली होती. अकरा वर्षं ती त्या भांडणावर जगली होती. ते एकदा ह्या बाईच्या तोंडून यावं. नाव नको, 'ती पोरगी' एवढं आलं तरी पुरे. आपण त्या घरात होतो, निदान एका भांडणापुरतं तरी होतो, हे तिला ऐकायचं होतं.

काकू सगळं सांगायच्या. ते तेवढं सांगायच्या नाहीत.

आणि गंमत अशी, की मंगळवारी सुलोचनाचं ध्यान फार छान लागायचं. श्वास संथ, मन एका जागी. कवडूजी डोळे उघडून म्हणायचे, "मंगळवारी तुयी समाधी लवकर लागते, पोरी. आम्हाले बी सांग कोनता मंत्र आहे." तिला ती समताच वाटायची. इतकं जवळचं माणूस समोर बसतं आणि मी ढळत नाही, म्हणजे मी पोचले. भुकेल्या माणसाला स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की तोही पाटावर अगदी शांत बसतो. त्याला कुणी साधू म्हणत नाही. शिबिरात हे शिकवलं होतं, पण ते दुसऱ्यांबद्दल आहे असं समजून तिनं ऐकलं असावं.

मार्चात डॉक्टरांनी विचारलं, "कौशल्याबाईंचं झालं ना आता? हिंगणीची एक मुलगी आहे, सपना. बोलायचं बंद झालीय. तिच्या आईला मंगळवारीच येता येतं."

"अजून थोडं बाकी आहे," सुलोचना म्हणाली.

"काय बाकी?"

"मुलाबद्दल मनात काहीतरी आहे."

ते खोटं नव्हतं. फक्त कुणाच्या मनात, ते तिनं सांगितलं नाही. सपना थांबली.

एप्रिलातल्या एका मंगळवारी काकू उन्हातून आल्या त्या लालबुंद होऊन. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "स्वप्निल म्हणे, आई, तुले तं आता मस्त झोप लागते, मंग उनातान्हाचं वर्ध्याले काऊन जाऊन राह्यली? अजून किती दिवस येऊ, बाई?"

सुलोचनानं पेन खाली ठेवला. हे मंगळवार संपणार आणि ते वाक्य न ऐकताच संपणार. मग तिनं ते केलं जे ती केंद्रात काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना कधी करू नका म्हणून शिकवायची. पेशंटच्या बोलण्यात आपला प्रश्न घातला.

"काकू, नीलेशच्या लग्नाच्या वेळी घरात काही वाद झाला होता का?"

"वाद?" काकूंना कळेना. "कायचा वाद?"

"म्हणजे, त्याच्या मनात दुसरी कुणी असेल. तुम्ही नाही म्हटलं असेल."

"नाई बाप्पा. काहीच नाई. उलट ह्याईनं त्याले समोर बसवून इचारलं होतं. ह्याईचा सोभावच तसा. म्हणे, मनात कोनी असन तं आताच सांग, मागून आम्हाले तोंडघशी पाडू नको. तो म्हणे, नाई. मंग मले वाटलं, बापापुढं लाजला असन. मी पोळ्या करत होती, तो बाजूले वड्या खात बसला होता. मी बी इचारलं, हाय का रे कोनी? तं हसला. म्हणे, तू दाखवशीन ते. पह्यलाच फोटो पाह्यला अन् हो म्हणून मोकळा झाला."

पंखा फिरत होता. सुलोचनानं आपला आवाज ऐकला, तो कामाचाच होता, मऊ आणि सपाट. "आणि असती तर? जातीबाहेरची?"

काकू विचारात पडल्या. त्या नेहमी असा विचार करायच्या, भाजीतला खडा शोधावा तसा. "रडली असती," त्या म्हणाल्या. "खोटं कायले सांगू. चार दिवस जेवली नसती. लोकं काय म्हणतीन म्हणून ह्याईच्या मागं कटकट लावली असती. अन् मंग आणली असती तिले. लेकराच्या मनात असन तं काय करता? माह्या जावेच्या पोरानं केलंच नं तसं. तवा बी रडलोच आमी. अन् बारशाले सगळ्यात जास्त मीच नाचली."

सुलोचनानं एक क्षण जीव मुठीत धरून हे खोटं असण्याची वाट पाहिली. माणसं आपला भूतकाळ धुऊन-पुसून सांगतात, हे तिला कामानं शिकवलं होतं. पण ही बाई तशी नव्हती. जाहिरात लागू द्या, हे जिनं स्वतःहून सांगितलं होतं, ती स्वतःला चांगलं दाखवायला खोटं बोलणार नव्हती.

म्हणजे त्यानं विचारलंच नव्हतं. विहीर त्यानंच खणली होती, बसस्टँडवर, उभ्या उभ्या, आणि तिच्या काठावर आपल्या आईला उभं केलं होतं. ती भांडणं, ते अश्रू, ते हरणं, काही म्हणजे काही झालं नव्हतं. तो वड्या खात बसला होता.

तिनं श्वास बघायला घेतला. श्वास सापडेना. कानशिलं तापली, हात गार पडले. हे सगळं बघायचं असतं, पण बघणारीच जागेवर नव्हती.

"काऊन, बाई?" काकू पुढे वाकल्या. "तोंड काऊन उतरलं तुमचं? मी काई वाकडं बोलली का?"

ती मी होते. तीनच शब्दांचं काम होतं. इतके महिने जे हवं होतं ते आता मागून नाही, देऊन मिळणार होतं. काकू तिच्याकडे बघतील, 'ती पोरगी' म्हणून बघतील, कदाचित हात धरतील, कदाचित रडतील. शब्द ओठापर्यंत आले. आणि मग तिला दिसलं की हे ऐकून ही बाई सेलूला जाईल, अंथरुणावर पडेल आणि डोळे उघडे ठेवून विचार करील, माझ्या पोरानं माझ्या जिवाचं नाव घेऊन एका पोरीला फसवलं. कडी तपासायला त्या पुन्हा उठतील. आणि ह्या वेळची दुपार कितीही वेळा सांगितली तरी हसण्यावर येणार नाही.

ते शब्द गिळायला तिला जेवढं लागलं, तेवढं दहा दिवसांच्या शिबिरातही लागलं नव्हतं.

"तुम्ही काही वाकडं नाही बोललात, काकू," ती म्हणाली. "चूक माझी झाली. तुम्ही कधीच्याच बऱ्या झाल्या आहात. मीच तुम्हाला उगाच बोलावत राहिले. पुढच्या मंगळवारी येऊ नका."

काकू पिशवीचे बंद चाळवत बसल्या. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "दिवाळीपासूनच मले वाटे, आता पुरे. पन तुमच्यापाशी बसलं की बरं वाटे. घरी कोनी आयकत नाई असं. म्हणून मी बी नाई बोलली." मग त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला. "आज सांबारवडी आणली होती. घरी नेजा. डबा ठेवून घ्या, माह्यापाशी लय हायेत. अन् सेलूले आल्या तं येजा घरी. कोनाले बी इचारा, दुकान सांगतीन."

"येईन," सुलोचना म्हणाली. दोघींनाही ठाऊक होतं की ती येणार नाही. काकूंना वाटलं, मॅडम मोठं माणूस, त्यांना कुठं वेळ.

संध्याकाळी घरी आली तेव्हा कवडूजी घोंगडी अंथरून तिची वाट बघत होते. उन्हाळ्यात ते संध्याकाळीही बसायचे. ती हातपाय न धुता समोर बसली आणि तिनं सांगून टाकलं. मंगळवारच्या बाई कोण, ते सांगितलं. नीलेशनं घरी कधी विचारलंच नव्हतं, तेही सांगितलं. कवडूजींना नीलेश ठाऊक होता. विहिरीची गोष्टही तिनं तेव्हाच सांगितली होती, आणि त्यानंतर सेलूला कामाला गेले तरी त्या दुकानासमोरून ते कधी गेले नव्हते.

"त्यानं इचारलंच नाई?" ते म्हणाले.

"नाही. बाबा, त्या बाईनं मला घेतलं असतं. चार दिवस रडली असती आणि मग घेतलं असतं."

सुलोचनानं सवयीनं मांडी घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. बापाकडून हीच अपेक्षा होती, की म्हणतील, बस, श्वास बघ, हेही जाईल.

"उठ," कवडूजी म्हणाले. "आज नको बसू. आज रड, पोरी."

मग ती रडली. धुरपताच्या वेळी रडायची तशी, आवाज करून. त्यात नीलेश कुठं नव्हता, हे तिला रडताना कळलं आणि आणखीच रडू आलं. तिला सेलूचं ते घर हवं होतं जिथं ती कधी गेली नव्हती, आणि तिच्यापायी चार दिवस न जेवता रुसून बसलेली ती बाई हवी होती, जिची समजूत काढायला पाचव्या दिवशी ती ताट घेऊन गेली असती.